होडीवरचं छत आणि शेवटची वडी

तळ्यावरचा बर्फ फुटला की आमच्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या. सगळ्यांच्या होड्या बाहेर निघतात, आणि माझ्या थोरल्या बहिणीच्या, डार्लाच्या, होडीवरचं छत फाटलेलं निघतं. आमचं लिटल बास तळं म्हणजे काही समुद्र नव्हे. या काठावरून शिंकलं तर त्या काठावरचा माणूस ‘देव भलं करो’ म्हणेल, एवढंच त्याचं पात्र. तरीही छतं उतरवायच्या आधीचा मिनेसोटातला सगळा वारा तिच्या एकटीच्या छतावर का टपून बसतो, याचं मला कित्येक वर्षं नवल वाटत होतं.

होडी सतत पाण्यात ठेवली तर बुडाला शेवाळ धरतं, म्हणून धक्क्याला लागून ॲल्युमिनियमचा एक सांगाडा उभा करतात. त्याचं चाक फिरवलं की होडी पाण्याबाहेर उचलली जाते. ती लिफ्ट, आणि लिफ्टच्या डोक्यावर ताणून बसवलेलं कापड म्हणजे छत. ऊन, पाऊस आणि मुख्यतः पाणपाखरांचा प्रसाद होडीवर पडू नये, एवढंच त्याचं काम. डार्लाचं छत मूळचं गडद हिरवं. पण त्यावर इतकी ठिगळं बसली होती की मूळ कापड शोधावं लागे. वरून जाणाऱ्या बदकांना ते गोधडीसारखं दिसत असणार.

ठिगळं लावायला यायचा तो आर्लन हाउगन. हा माझ्या वर्गातला, म्हणजे आता सत्तरीला टेकलेला. लग्न केलं नाही. गावातल्या जुन्या दूध डेअरीच्या इमारतीत त्याचं शिलाईचं दुकान आहे. होड्यांची आवरणं, छतं, तंबू, जे जाड आणि जड असेल ते तो शिवतो. बोलण्याच्या बाबतीत मात्र एकदम काटकसरी. शाळेत बाईंनी नाव विचारलं तर तो आधी विचार करायचा.

आता मी कोरीन. आमच्या घराण्यात तोंड फक्त मला दिलंय. बाकीच्यांना देवानं ओठ दिले आणि ते मिटून ठेवायला सांगितलं. डार्ला तर त्यात पहिली. रॉय, तिचा नवरा, गेला त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हा तळ्यावरच्या सगळ्यांनी तिला कशी आहेस विचारलं आणि तिनं सगळ्यांना सांगितलं की वाईट नाही. आमच्याकडे ‘वाईट नाही’ हे सगळ्याला चालतं. मासा गळाला लागला तरी वाईट नाही, पाय मोडला तरी वाईट नाही. कोणी अगदीच डोक्यात गेला तर म्हणायचं, ‘वेगळाच आहे हं,’ आणि त्याला पुढं कोणी जेवायला बोलवत नाही.

आर्लन दरवर्षी मे महिन्यात एका शनिवारी यायचा, आणि मी माझ्या खिडकीतून, म्हणजे शेजारच्याच घरातून, तो सोहळा बघायची. शिडी लावून तो छतावर वाकायचा. एक भोक दुपारभर पुरवायचा. मग डार्ला दारात येऊन कॉफी घेणार का विचारायची. तो म्हणायचा, नको, कशाला त्रास. ती पुन्हा विचारायची, तो पुन्हा नको म्हणायचा. तिसऱ्यांदा विचारल्यावर तो म्हणायचा की आधीच केलेली असेल तर घेतो. हे काही त्या दोघांचं खास नव्हे, आमच्याकडे कॉफी अशीच पितात. पहिल्या हाकेला हो म्हणणारा माणूस एकतर परगावचा असतो किंवा हावरट.

कॉफीबरोबर रूबार्बच्या, म्हणजे परसातल्या आंबट लाल देठांच्या, वड्या. डार्लाच्या हाताला चव आहे, हे मी बहीण असूनही मान्य करते. ताटली रिकामी होत होत शेवटची एक वडी उरते, आणि तिथं आमच्या सगळ्या समाजाचं घोडं पेंड खातं. शेवटची वडी पाहुणा उचलत नाही. तो ती अर्धी कापतो, अर्धी घेतो, अर्धी ठेवतो. मग दुसरा कोणी त्या अर्ध्याचं अर्धं करतो. चर्चच्या कॉफीला मी लोकांना तांदळाच्या दाण्याएवढा केक सुरीनं कापताना पाहिलंय. शेवटचा घास सरळ उचलायचा हक्क फक्त घरच्या माणसाचा. आर्लन इतकी वर्षं डार्लाच्या टेबलाशी बसून वड्या कापत होता आणि दर वेळी चिमणीला पुरेल एवढा तुकडा ताटलीत ठेवून उठत होता.

आणि उठणं म्हणजे तरी काय. आधी मांडीवर थाप मारायची आणि म्हणायचं, ‘बरं तर.’ ही निरोपाची पहिली घंटा. त्यानंतर टेबलाशी थोडं बोलणं, मग दारात, मग पायरीवर, मग त्याच्या पिकअप गाडीच्या खिडकीशी. डार्ला खिडकीवर हात ठेवून उभी आणि आर्लन चावी न फिरवता बसलेला, असं ते अंधार पडेस्तोवर चालायचं. विषय काय, तर हवा. पुढचं वर्ष येईपर्यंत दोघं एकमेकांकडे फिरकायचे नाहीत, कारण आमच्याकडे कारणाशिवाय कोणी कोणाच्या दारात जात नाही. कोणाचं भांडं परत करायचं असेल किंवा काही मोडलं असेल, तरच.

हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मला त्यातलं काडीचंही कळलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा तो असा.

यंदा लिफ्ट पाण्यात ढकलायला डार्लाचा मुलगा कर्ट शहरातून आला. कर्ट चांगला मुलगा आहे, आईला जपणारा, पण शहरात राहून त्याला घाईची सवय लागलीय. छातीपर्यंतच्या रबरी विजारी घालून त्यानं आणि शेजाऱ्यांनी सांगाडा पाण्यात नेला, त्याच्या पायांखाली फळ्या सरकवल्या, आणि मग शेडमध्ये हिवाळाभर गुंडाळून ठेवलेलं छत आणून वर पसरलं.

मधोमध एक हातभर लांब भोक, आणि त्याच्या आजूबाजूला मागच्या वर्षीची, त्याच्या आधीच्या वर्षीची ठिगळं टाके सोडून लोंबत होती. एक शेजारी बराच वेळ बघून म्हणाला की हे वेगळंच आहे.

कर्टनं तिथंच पाण्यात उभं राहून निर्णय दिला. छत फेकायचं. तो आईच्या वाढदिवसाला नवं देणार, कारखान्यातून मापानं बनून येतं तसलं, दहा वर्षांच्या हमीचं. दहा वर्षं कोणी त्याच्याकडे ढुंकून बघायला नको, असं तो अगदी प्रेमानं म्हणाला. डार्ला धक्क्यावर कॉफीचा थर्मास घेऊन उभी होती. तिचा चेहरा पडला, अगदी सूर्य ढगाआड गेल्यासारखा. पण तोंडातून काय निघालं? ‘कल्पना वाईट नाही.’

मग ती हळूच म्हणाली की आर्लनला एकदा दाखवू या. त्याला यातलं कळतं. तो दुरुस्त होईल म्हणाला तर दुरुस्त, नाहीतर नवं. कर्टला हे पटलं. शनिवारी आर्लन येणारच होता. फैसला त्याच्या हातात गेला.

दुपारी सगळे पांगल्यावर मी उगाच धक्क्यावर गेले. सवय. कुठं काही फाटलं, मोडलं की मला जवळून बघावं लागतं. मी लिफ्टच्या आडव्या दांडीवर चढून त्या भोकाची कड हातात घेतली, आणि माझे हात तिथंच थांबले. कड नागमोडी होती. बारीक बारीक त्रिकोणांची, सुबक, एकसारखी. मी गोधड्या शिवते. कापडाचे धागे सुटू नयेत म्हणून कड अशी कापायची एक कात्री येते. सगळ्या तळ्यावर तसली कात्री एकच आहे, ती माझी आहे, आणि एप्रिलात ती डार्ला घेऊन गेली होती.

वारा बाकी काहीही करेल, पण झिगझॅग कात्री चालवणार नाही. मला जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. मुरकुंडी वळून मी लिफ्टच्या खांबाला मिठी मारली, एक बूट पाण्यात गेला, आणि समोरच्या काठावरच्या माणसानं हाक मारून विचारलं की मी बुडतेय का.

तशीच एका बुटावर मी डार्लाच्या स्वयंपाकघरात गेले आणि म्हटलं, माझी कात्री दे. ती लाल झाली. आमच्या घराण्यात लाल होणं म्हणजे कबुलीजबाब. ती टेबलाशी बसली आणि टेबलक्लॉथची घडी सारखी करत राहिली.

“पहिल्या वर्षी खरंच वाऱ्यानं फाटलं होतं,” ती म्हणाली. “दुसऱ्या वर्षी वारा आलाच नाही.”

“मग?”

“मग मी वाऱ्याला मदत केली.”

मी पुन्हा हसायला लागले. ती रागावली, म्हणजे तिनं ताटली थोडी जोरात ठेवली. मी विचारलं की टाके तर तसेही उसवतात, मग कात्रीची काय गरज होती. तर तिचं गणित तयार होतं. उसवलेलं म्हणजे अर्ध्या तासाचं काम. भोक असलं की दुपार जाते. दरवर्षी ती शेडमध्ये जाऊन, छताची एक बाजू उलगडून, स्वयंपाकघरातल्या कात्रीनं कापायची. यंदा त्या कात्रीची धार गेली होती, म्हणून माझी.

“एवढं करण्यापेक्षा त्याला सरळ जेवायला बोलव ना,” मी म्हटलं.

ती माझ्याकडे असं बघायला लागली, जणू मी तिला भर रविवारी चर्चच्या पायरीवर नाचायला सांगितलंय. काय म्हणून बोलवू, असं तिनं विचारलं. कारण काय सांगू? आणि मग माझी ही बहीण, जी नवऱ्याच्या दफनाच्या दिवशीही थंडीबद्दलच बोलली होती, ती म्हणाली, “मला त्याची वाट बघायला आवडतं, कोरीन. वर्षभर आवडतं. नवं छत आलं की दहा वर्षं वाट बघण्यासारखं काही नाही. दहा वर्षांनी मी ऐंशीच्या पुढं गेलेली असेन.”

मग मला हसू आलं नाही. मी म्हटलं की आर्लन दुरुस्तच करायला सांगेल, बघ तू. आजवर त्यानं कधी नाही म्हटलंय?

शनिवारी तो आला. दाढी गुळगुळीत, शर्ट इस्त्रीचा. छताला ठिगळ लावायला कोण इस्त्रीचा शर्ट घालतं, हेही मला त्या दिवशीच पहिल्यांदा दिसलं. डार्लाच्या स्वयंपाकघराची खिडकी तळ्याकडे उघडते. डासांच्या जाळीमागं ती वड्या कापायचं नाटक करत उभी होती. कर्ट धक्क्यावर, मी कर्टशेजारी.

आर्लन शिडीवर चढला. त्यानं भोकाची कड बघितली. नागमोडी कडेवरून त्यानं अंगठा फिरवला, एकदा, मग परत एकदा. तोवर कर्टनं दोनदा फोन बघितला. शेवटी त्यानं टोपी काढली, घातली, आणि तळ्याकडे बघत म्हणाला, “आता याच्यात दम राहिला नाही. नवंच घ्या.”

जाळीमागं सुरी थांबली. मग डार्लाचा आवाज आला, एकदम नीटनेटका. “बरं. ठीकच आहे मग.” आणि खिडकी बंद झाली. मे महिन्यात, अशा सुंदर हवेत, खिडकी बंद.

माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं वड्या खाल्ल्या या माणसानं, आणि आता वेळ आली तर हा छताबद्दल खरं बोलतो! कर्ट कारखान्याला फोन लावत आत गेला. आर्लन शिडी घेऊन पिकअपकडे निघाला, तशी मी त्याच्या मागं. जाता जाता रागाच्या भरात मी एक लोंबतं ठिगळ धरून ओढलं. ते पापडासारखं हातात आलं. टाके तुटायचीसुद्धा तसदी घेईनात, त्यांचा भुगाच झाला. मी तो दोरा बोटांत घेतला, चोळला, उजेडात धरला. गोधड्या शिवून आयुष्य गेलं माझं. दोरा मला माणसांपेक्षा चांगला कळतो.

“आर्लन, हा सुती दोरा आहे.”

तो शिडी गाडीत ठेवत होता. ती हातातच राहिली. त्याच्या कानांच्या पाळ्या रंगायला लागल्या.

मी म्हटलं की चर्चचा तंबू तू शिवलास तो आम्ही लहान पोरांच्या बारशापासून त्यांच्या लग्नापर्यंत वापरतोय. माझ्या होडीचं आवरण तू शिवलंस, त्याचा एक टाका हललेला नाही. पाण्यावरच्या कापडाला पॉलिएस्टरचा दोरा लागतो हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मग माझ्या बहिणीच्याच छताला गोधडीचा दोरा का?

त्यानं शिडी खाली ठेवली. टोपी काढली. “तो एका उन्हाळ्यात कुजतो,” तो म्हणाला.

हे सांगताना तो बूट बघत होता. मला आधी कळलंच नाही. आणि मग कळलं तेव्हा मी पिकअपच्या पायरीवर मटकन बसले. ही बाई दर एप्रिलात छत कापत होती, आणि हा बाप्या दर मे महिन्यात ते असं शिवत होता की पुढच्या एप्रिलपर्यंत टिकू नये. ताकाला जाऊन भांडं लपवणारे मी पाहिलेत. इथं तर दोघंही भांडं लपवून एकमेकांच्या दारात उभे होते. एक निरपराध छत मध्ये फुकट मेलं.

“म्हणजे ती कापते, हे तुला माहीत होतं?”

वाऱ्यानं फाटलेलं कापड कसं फाटतं हे त्याला माहीत होतं, असं तो म्हणाला. आधी त्याला वाटलं की आपला गैरसमज असेल, बाई म्हातारपणी काही कापताना चुकत असेल. पण यंदाची कड नागमोडी होती. चुकून कोणी इतकं सुबक कापत नाही.

“मग दुरुस्त करायचं ना, बाबा! नवं घ्या काय म्हणालास?”

एक लून पक्षी पाण्याखाली गेला आणि दुसरीकडे वर आला. मग आर्लन हाउगननं आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण केलं. म्हणाला, “आता किती वर्षं ती कापणार आणि मी कुजणारं शिवणार, कोरीन? माझे गुडघे शिडीवर थरथरतात. मला वाटलं, ते छत मधून काढूनच टाकावं. मग मला यायचं असेल तर असंच यावं लागेल. म्हणून सांगितलं तिला.”

“काय सांगितलंस?”

“तू होतीस की तिथं. म्हटलं ना, नवंच घ्या.”

तो खरंच तसं मानत होता. त्या माणसानं शिडीवर उभं राहून, इस्त्रीचा शर्ट घालून, टोपी काढून माझ्या बहिणीला लग्नाची मागणी घातली होती, आणि तिनं ‘ठीकच आहे’ म्हणून खिडकी लावून घेतली, एवढं त्याला कळलं होतं. त्याच्या मते ती नाही म्हणाली होती. म्हणून तो गुपचूप शिडी उचलून घरी निघाला होता.

परमेश्वरा, या राज्यात मुलं जन्माला तरी कशी येतात?

मला आत धावत जाऊन सगळं ओरडून सांगायचं होतं. माझे पाय वळलेही. पण त्यानं माझा दंड धरला आणि मान हलवली. हे माझं मला करू दे, असं ते सांगणं होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा तोंड बंद ठेवायचं वचन दिलं, आणि वर बजावलं की कॉफी न पिता गाडीत बसलास तर टायरची हवा सोडीन.

टेबलाशी आम्ही चौघं बसलो. कर्ट फोनवर कापडाचे रंग बघत होता. डार्लानं कॉफीचं भांडं उचललं आणि आर्लनला विचारलं, घेणार का. तो सवयीनं म्हणाला, नको, कशाला त्रास. तिनं भांडं खाली ठेवलं.

दुसऱ्यांदा विचारलं नाही. तुम्हाला कदाचित यात काही वाटणार नाही. पण मी त्या टेबलाशी बसले होते, आणि तिनं त्याच्या थोबाडीत मारली असती तरी मला एवढा धक्का बसला नसता. आर्लन त्याच्या रिकाम्या कपाकडे बघत राहिला. मी जीभ दातांखाली धरली होती. खरंच धरली होती, संध्याकाळपर्यंत दुखत होती.

वड्या मात्र संपत होत्या, कारण कर्ट रंग बघता बघता खात होता आणि मी बोलता येत नाही म्हणून खात होते. डार्लानं स्वतः एकही घेतली नाही. ती खिडकीच्या काचेतून लिफ्टकडे बघत होती. कर्ट खुशीत सांगत होता की एकदा बसवलं की झालं, आई, मग बघायलाच नको, कोणाला बोलवायलाही नको. ती म्हणाली की हो, कोणाला त्रास नको.

ताटलीत एक वडी उरली. शेजारी सुरी.

आर्लननं सुरी उचलली. वर्षानुवर्षांच्या सवयीनं तिचं पातं वडीच्या मधोमध आणलं. आणि तिथंच थांबला. डार्ला खिडकीकडेच बघत होती, पण आता ती काही बघत नव्हती, ऐकत होती. त्यानं सुरी बाजूला ठेवली, वडी दोन बोटांत धरली, आणि अख्खी तोंडात घातली.

अख्खी. अर्धी नाही, कोपरा ठेवून नाही. त्याचे गाल फुगले, शर्टावर साखर सांडली. कर्टनं फोनमधून मान वर केली आणि उघड्या तोंडानं म्हणाला, “आई, यांनी शेवटची…” मी टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ मारली, माझ्या वयाला शोभणार नाही अशी.

डार्लाची मान हळूहळू वळली. तिनं रिकामी ताटली बघितली. मग आर्लनकडे बघितलं. तो चावत होता, डोळ्यांत पाणी, ते ठसक्यामुळे की कशामुळे, मी सांगू शकत नाही. इतक्या वर्षांत मी माझ्या बहिणीला लाल होताना खूपदा पाहिलं होतं, पण असं नाही. हे मानेपासून निघालं आणि पांढऱ्या केसांच्या मुळांपर्यंत गेलं, आणि त्याबरोबर तिचा चेहरा सोळा वर्षांच्या पोरीसारखा झाला. ती उठली. कॉफीचं भांडं उचललं. आणि काही न विचारता, एकदाही न विचारता, त्याचा कप काठोकाठ भरला.

आमच्याकडे विचारल्याशिवाय कॉफी फक्त घरच्या माणसाला ओततात.

कर्टला काय कळलं आणि काय नाही, देव जाणे. तो नडगी चोळत म्हणाला की मग रंग कोणता, हिरवा की निळा? आजच सांगितलं तर जूनपर्यंत येईल. डार्ला मुलाकडे न बघता म्हणाली, “आर्लन, रंग कोणता घ्यायचा?”

आर्लननं घास गिळला. बराच विचार केला. “हिरवा वाईट नाही,” तो म्हणाला.

मला इतका आनंद झाला की मी उठून बाहेर गेले आणि धक्क्यावर, दोन्ही बूट पायात असताना, थोडी नाचले. समोरच्या काठावरच्या माणसानं परत हाक मारून विचारलं की मी ठीक आहे का. मी ओरडून सांगितलं की वाईट नाही.

जूनमध्ये छत आलं. हिरवंगार, ताणलेलं, एक सुरकुती नाही. जुन्या छताच्या आर्लननं पिशव्या शिवल्या, बाजाराला न्यायला एक डार्लाला, एक मला. माझ्या पिशवीचा दोरा मी आधी दातांनी ओढून तपासला. पॉलिएस्टरचा आहे. माझी कात्री मात्र परत आलेली नाही. डार्ला म्हणते, राहू दे अजून थोडे दिवस, कधी काय लागेल सांगता येत नाही.

आणि त्या शनिवारच्या निरोपाचं विचाराल, तर आर्लननं मांडीवर थाप अजून मारलेली नाही. त्याची पिकअप डार्लाच्याच अंगणात उभी आहे.